हे तर घरीसुद्धा होईल!

शनिवार-रविवार हाताने घडवलेल्या मातीच्या कपांचा स्टॉल लावला की येणाऱ्यांचं हे वाक्य ठरलेलंच. आधी कप उचलायचा, उलटा करून बघायचा, फोटो काढायचा आणि वर "आयडिया मस्त आहे हो!" अहो, विकायला कप ठेवलाय, आयडिया नाही! आठवडाभर वाळवलाय, दोनदा भट्टीत घातलाय, दुसऱ्यांदा तर 1200 अंशांच्या वर. त्यात जे तडकले ते कोण मोजणार? जागेचं भाडं मात्र आगाऊच. शेजारी कारखान्यातला घाऊक माल 'हस्तनिर्मित' अशी पाटी लावून निम्म्या किमतीत बसलाय. (एकाच्या बुडावर साच्याची रेघसुद्धा तशीच!) आयोजक म्हणतात, "बघतो." तीन वर्षं बघतायत. करा ना घरी, खुशाल करा. फक्त भट्टी कुठे मिळते ते मला विचारू नका.