विमानाचं आरएसी

एका विमान कंपनीच्या संगणकात माझ्या नावापुढे ‘नो-शो’ अशी नोंद झाली होती. नो-शो म्हणजे तिकीट काढून विमानतळावर न फिरकलेला प्रवासी. ही नोंद झाली तेव्हा मी त्यांच्याच काउंटरसमोर, हातात आधार कार्ड घेऊन, पाऊण तास उभी होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. कमेंटमध्ये विचारू नका. आज एकीचं नाव घेतलं तर उद्या तुम्ही दुसरीचं तिकीट काढाल आणि प्रकार तोच होईल.

फेब्रुवारीतली गोष्ट. नागपूरला मावशीची पंच्याहत्तरी होती. मी आणि आई, पुणे-नागपूर, संध्याकाळचं विमान, दोघींचं एकच पीएनआर. आदल्या दिवशी वेब चेक-इन करायला गेले तर फुकटातली एकही सीट शिल्लक नाही. पुढच्या रांगांमधल्या पैसे भरून घ्यायच्या तेवढ्या दिसत होत्या. तीनशे-चारशे रुपये कशाला घालवा म्हणून ‘सीट विमानतळावर मिळेल’ हा पर्याय घेतला. (हा शहाणपणा लक्षात ठेवा. गाळायचं असतं तेव्हा सीट नंबर न घेतलेले आमच्यासारखे लोकच आधी हाताशी सापडतात.) दोन तास आधी पोचलो. काउंटरवरच्या मुलीनं बराच वेळ कीबोर्ड बडवला, शेजारच्या मुलाला बोलावलं, दोघांनी मिळून स्क्रीनकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “मॅम, फ्लाइट ओव्हरसोल्ड है. एक ही सीट बची है.”

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, आमची दोन तिकिटं आहेत, कन्फर्म आहेत, हे बघा. ती म्हणाली, हो मॅम, कन्फर्मच आहेत. पण सीट एकच आहे.

या वाक्यावर मी अजून विचार करते आहे.

आई एकाहत्तर वर्षांची. एकटीनं विमानात कधी बसलेली नाही. ती लगेच म्हणाली, “तू जा, मी रिक्षानं घरी जाते.” आमच्या घरातल्या बायकांची ही सवय, कुठं काही कमी पडलं की आपलं ताट आधी बाजूला सारायचं. मी म्हटलं, पंच्याहत्तरी तुझ्या बहिणीची आहे, माझ्या नाही. शेवटी आईला पाठवलं. काउंटरवरची मुलगी आता मराठीत बोलायला लागली होती. “आजी, मी सोडते तुम्हाला गेटपर्यंत,” म्हणाली आणि खरंच सोडून आली. तिच्यावर माझा राग नाही. सीट किती विकायच्या हे ठरवणारा माणूस कुठल्या तरी काचेच्या इमारतीत असतो. शिव्या खायला मात्र कंत्राटी पगारावरची चोवीस वर्षांची पोर उभी असते.

मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान देत होते. कार्यक्रम सकाळी दहाचा. मी वाघोलीला जाऊन रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. नागपुरात पोचले तेव्हा औक्षण होऊन गेलं होतं, पंचाहत्तर दिव्यांतले निम्मे विझले होते आणि आई सगळ्यांना विमानातून दिसलेले दिवे कसे होते ते सांगत होती.

परत आल्यावर रिफंड किती आला ते पाहिलं. नुसते कर आणि विमानतळाचं शुल्क. मेलवर विचारलं तर उत्तर आलं की आपण प्रवासाला उपस्थित नव्हता, सबब नो-शोच्या नियमानुसार एवढीच रक्कम देय आहे.

आता गंमत बघा. ओव्हरबुकिंगचं, म्हणजे सीटपेक्षा जास्त तिकिटं विकण्याचं, समर्थन काय असतं? की काही लोक तिकीट काढून येतच नाहीत. समजा 180 सीटचं विमान आहे आणि अनुभव असा की त्या वेळेला पाच-सहा जण हमखास गळतात. मग 184-185 तिकिटं विकली तर बिघडलं कुठे? उडून गेलेल्या विमानातली रिकामी सीट म्हणजे मंडईत रात्री उरलेली मेथीची जुडी. सकाळी तिला कुत्रं विचारत नाही. गणित बरोबर आहे. बहुतेक दिवशी ते जमतंही, आणि त्यातून चार पैसे भाडं कमी राहत असेल तर तो फायदा मीही कधी ना कधी घेतलाच असणार. पण हे गणित बसवलं गेलं त्या काळात तिकीट असूनही माणूस आला नाही तर पैसे परत मागू शकायचा, नाहीतर त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी जायचा. रिकाम्या सीटचा भुर्दंड खरोखर कंपनीला होता. आज स्वस्त तिकिटावर न येणाऱ्याचं मूळ भाडं कंपनीच्याच खिशात राहतं. म्हणजे त्या सीटचे पैसे एकदा मिळालेले असतात, तीच सीट पुन्हा विकायची आणि दोघंही आले तर खांदे उडवायचे. आणि माझ्या बाबतीत तर आलेल्यालाच न आलेला ठरवलं. गळती कमी पडली की ती हातानं तयार करायची.

मंगल कार्यालयातही हेच गणित असतं, हे मान्य. सातशे पत्रिका वाटल्या तरी स्वयंपाक सातशेंचा सांगत नाहीत. पण अंदाज चुकला आणि माणसं जास्त आली तर काय करतात? यजमान घरच्यांना डोळ्यांनी खूण करतो. घरची मंडळी शेवटच्या पंगतीला बसतात, जिलबी संपली तर संपली, त्यांना वरणभात. पानावर बसलेल्या पाहुण्याला कोणी दंडाला धरून उठवत नाही.

शिकागोला नेमकं तेच झालं होतं. 9 एप्रिल 2017, शिकागोहून लुइव्हिलला जाणारं युनायटेड एक्स्प्रेसचं विमान. सगळे प्रवासी आत जाऊन बसले, आणि मग कंपनीला आठवलं की आपल्याच चार कर्मचाऱ्यांना लुइव्हिलला पोचवायचं आहे. उठणाऱ्याला आधी चारशे डॉलरचं, मग आठशे डॉलरचं कूपन देऊ केलं. कोणी उठेना. मग चार नावं काढली. तिघं निमूट उतरले. चौथे होते 69 वर्षांचे एक डॉक्टर, म्हणाले, सकाळी माझे पेशंट आहेत. विमानतळाच्या सुरक्षारक्षकांनी त्यांना सीटवरून ओढून काढलं आणि मधल्या वाटेतून फरफटत नेलं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. नाक मोडलं, दोन दात गेले. कंपनीच्या प्रमुखांनी पहिल्या निवेदनात खेद व्यक्त केला तो या प्रवाशांना ‘री-अकोमोडेट’ करावं लागल्याबद्दल. शब्द बघा कसा इस्त्री केलेला.

तांत्रिकदृष्ट्या ते विमान ओव्हरबुक्ड नव्हतंच. नुसतं भरलेलं होतं. घरच्यांसाठी पाहुण्याला पानावरून उठवलं, इतकंच. आणि पैशाचं म्हणाल तर जबरदस्तीनं उतरवलेल्याला तिथल्या नियमानं तेव्हा 1,350 डॉलरपर्यंत भरपाई होती. राजीखुशीनं उठणाऱ्याला किती द्यायचं यावर तर काही बंधनच नव्हतं. तरी बोली आठशेवर थांबली. पुढे त्याच महिन्यात डॉक्टरांशी तडजोड झाली, रक्कम गुप्त राहिली, आणि कंपनीनं स्वतःहून जागा सोडणाऱ्यासाठी वरची मर्यादा दहा हजार डॉलर केली. माणूस रक्तबंबाळ झाल्यावर.

खरं तर बोली लावण्याची ही कल्पना जुनी आहे. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1968 मध्ये ती लिहून मांडली. माणसं जास्त झाली तर कोणाला काढायचं हे कंपनीनं ठरवू नये, किती पैशांत थांबाल ते प्रवाशांनाच विचारावं. कोणीतरी निघतोच, ज्याला घाई नसते आणि पैसे हवे असतात. कंपन्यांनी तेव्हा हे उडवून लावलं. अमेरिकेत ते लागू व्हायला 1978 उजाडलं.

दरम्यान रॅल्फ नेडर यांची गोष्ट घडली. तेच ते, मोटार कंपन्यांना सळो की पळो करून सोडणारे ग्राहक चळवळीतले वकील. 1972 च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाले होते, तिकडे सभा होती. अलेगेनी एअरलाइन्सनं सांगितलं, विमान भरलंय. माणूसही कुठला निवडला! त्यांनी दावा ठोकला आणि 1976 मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मला त्यातला मुद्दा आवडतो. सीट दिली नाही एवढ्यावर नेडर थांबले नाहीत. तुम्ही जास्त तिकिटं विकता हे मला सांगितलं नाहीत, कन्फर्म म्हणालात, ही फसवणूक आहे, असा त्यांचा दावा होता. आणि असा दावा चालू शकतो, असं कोर्टानं म्हटलं. आज अमेरिकेत ‘आम्ही ओव्हरबुकिंग करतो’ ही सूचना प्रवाशाला दिसेल अशी द्यावी लागते. माझ्या तिकिटावर मी चष्मा पुसून शोधलं. हँडबॅगेचं वजन होतं, पॉवर बँकेचे नियम होते.

आपल्याकडे नियम नाहीत असं समजू नका, मीही तसंच समजत होते. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिचा नियम स्पष्ट आहे. आधी स्वखुशीनं थांबणारे कोण आहेत ते विचारायचं. कोणी मिळालं नाही आणि कन्फर्म तिकीट असून वेळेवर आलेल्या प्रवाशाला थांबवलं, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान द्यायचं. ते न जमून 24 तासांच्या आतलं दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, कमाल 20,000. आणि तुम्ही दुसरं विमान नाकारलंत तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, शिवाय ती चौपट. माझ्या बाबतीत हे शेवटचं लागू होतं. काउंटरवर त्यातलं एक अक्षर कोणी उच्चारलं नाही. कोणी स्वखुशीनं थांबतंय का, हेही विचारलं नाही. त्या विमानात तीन हजारांसाठी आनंदानं घरी गेलेला एखादा कॉलेजचा मुलगा नक्की असणार.

नियम कागदावर असून मिळत नाही ही तक्रार माझ्या एकटीची नाही. जून 2022 मध्ये डीजीसीएनं याच कारणावरून, म्हणजे प्रवाशांना विमानात घेतलं नाही आणि भरपाईही दिली नाही म्हणून, एअर इंडियाला दहा लाखांचा दंड केला होता. बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली इथे तपासणी करून. पण दंड सरकारकडे जातो. ट्रॅव्हल्सचे पैसे माझे गेले.

युरोपात भरपाईचा तिकिटाच्या किमतीशी संबंधच नाही, अंतरावर ठरते. 250, 400 किंवा 600 युरो. तिथून निघणारं विमान कुठल्याही देशाच्या कंपनीचं असो. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला येताना तुम्हाला असं गाळलं तर 600 युरो. ज्यांची मुलं जर्मनीत आहेत त्यांनी हे लिहून फ्रिजवर लावा. आपल्याकडे भाड्याच्या पटीत हिशेब असल्यामुळे ज्यानं स्वस्तात तिकीट काढलं त्याला गाळणं सगळ्यात स्वस्त पडतं. आणि चार महिने आधी, पै-पै वाचवून तिकीट कोण काढतं? ज्याला तो प्रवास चुकवून चालणार नसतो तो.

मी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. आईचा बोर्डिंग पास त्याच पीएनआरचा होता. मी काउंटरसमोर असताना भावाला पाठवलेला फोटो होता, त्यात मागे फ्लाइट नंबरचा बोर्ड आणि वेळ दिसत होती. दोन्ही जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. पंधरा दिवस ढिम्म. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आणि कंपनीला कळवलं की पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. तिसऱ्या महिन्यात ‘सद्भावना म्हणून’ पैसे आले. तिकिटाचे पूर्ण, आणि 3,150 चे चौपट 12,600. सद्भावना! माझ्याच हक्काच्या पैशाला.

तुमच्याशी असं झालं तर काउंटर सोडण्याआधी ‘डिनाइड बोर्डिंग’ (तिकीट असून विमानात घेतलं नाही) एवढे दोन शब्द लेखी घ्या. देत नाहीत, मग तिथूनच मेल करा, वेळ नोंदली जाते.

आता माझं म्हणणं. ओव्हरबुकिंग बंद करा असं मी म्हणत नाही. आपल्या रेल्वेला आपण इतकी नावं ठेवतो, पण सीटपेक्षा जास्त तिकिटं रेल्वेही विकते, आणि तिकिटावर छापून विकते. आरएसी 12. वेटिंग 34. चार्ट लागेपर्यंत आकडा कुठवर सरकला ते घरबसल्या कळतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. माणूस आपल्या जिवावर ठरवतो, जायचं की नाही. मग 180 च्या पुढचं तिकीट विकताना विमान कंपन्यांना लिहायला काय होतं, ‘विमान भरलं आहे, तुमचा नंबर चौथा, भाडं निम्मं’? घेणारे घेतील. मीसुद्धा एखाद्या वेळी घेईन, कोकणातल्या घरी आंबे खायलाच जायचं असेल तर. पंच्याहत्तरीला जाताना नाही घेणार. कन्फर्म हा शब्द तेवढा ज्याची सीट आहे त्याच्यासाठी राखून ठेवा.

नागपूरहून परत येताना आमचं महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट होतं. आरएसी. पुण्यापर्यंत हललं नाही. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघी समोरासमोर पाय दुमडून बसलो, एक पाय तिचा, एक माझा. अकोल्यानंतर कधीतरी टीसी आला, यादीवर टिकमार्क केली, आईला म्हणाला, “आजी, कोणी उतरलं तर बघतो.” कोणी उतरलं नाही. आईनं डबा उघडला, मावशीनं बांधून दिलेल्या पुडाच्या वड्या काढल्या आणि म्हणाली, “खिडकी मात्र विमानापेक्षा मोठी आहे हं.”