अमोनियावर जगणारे जिवाणू दोनच नाहीत

नायट्रोजन चक्राचं एक चित्र सतत फिरत असतं. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. माती, समुद्र, सांडपाणी, माशांची टाकी, सगळीकडे हेच दोघे. दोन टप्प्यांना दोन जिवाणू लागतातच. ऑक्सिजन नसेल तर सगळं ठप्प. म्हणून या दोघांचं कल्चर, म्हणजे बाटलीत मिळणारे जिवंत जिवाणू, आणून टाकीत ओतलं की काम झालं. मुलं हेच पाठ करतात आणि मासे पाळणारे यावर विसंबून टाकी लावतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

‘सगळीकडे हेच दोघे.’ या समजुतीचं मूळ प्रयोगशाळेत आहे. १८९०च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले, ते काम मोठंच होतं. पण चंबूत अमोनिया भरपूर घातला की ज्याला भरपूर अमोनिया मानवतो तोच वाढतो. नायट्रोसोमोनास वाढला आणि सगळं श्रेय त्याला गेलं.

समुद्रात अमोनिया नावापुरताच असतो. तिथला मुख्य कामकरी २००५ मध्ये हाती लागला, तोही सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून: नायट्रोसोप्युमिलस. हा जिवाणूच नाही, आर्किया आहे, म्हणजे सजीवांची वेगळीच शाखा. लिटरमागे जेमतेम २ मायक्रोग्रॅम अमोनिया असला तरी तो आपल्या कमाल वेगाच्या निम्म्याने काम करतो. घरगुती टेस्ट किटच्या नळीत पाणी पिवळं राहिलं की आपण अमोनिया शून्य धरतो. रंगपट्टीवर त्यापुढची हिरवट खूण बहुधा लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे त्या २ मायक्रोग्रॅमच्या शंभरपटीहून जास्त. आपल्या ‘शून्या’त त्याचं पोट भरतं!

मातीचंही तसंच. २००६ मध्ये १२ मातींची तपासणी झाली, तेव्हा अमोनियाच्या ऑक्सिडीकरणाचं जनुक बाळगणारे आर्किया जिवाणूंपेक्षा जास्त निघाले. अर्थात संख्या जास्त म्हणजे कामही जास्त, असं धरू नये. अमोनियायुक्त खत भरपूर पडलेल्या जमिनीत जिवाणूंचा वाटा बऱ्याचदा मोठा असतो. आम्लधर्मी मातीत मात्र नायट्रोसोटालियासारखे आर्किया पीएच ४ ते ५ मध्येही जगतात.

‘दोन टप्प्यांना दोन जिवाणू लागतातच.’ २०१५ मध्ये हे मोडीत निघालं. नायट्रोस्पायरा या गटातले काही जिवाणू अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करतात. एक सापडला रशियातल्या खोल तेलविहिरीतून वर येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवरच्या बुळबुळीत थरात, तर दोन मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून. भूजल शुद्ध करणाऱ्या वाळूच्या गाळण्यांतही ते मुबलक आढळतात.

‘ऑक्सिजनशिवाय सगळं ठप्प.’ अॅनामॉक्स जिवाणू ऑक्सिजन नसताना अमोनिया आणि नायट्राइट यांचा मेळ घालून नायट्रोजन वायू करतात. वाढतात अतिशय संथ, दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतात. तरी रॉटरडॅमच्या सांडपाणी केंद्रात २००२ पासून त्यांना कामाला लावलं आहे.

सांडपाण्याच्या टाकीत ते चित्र बऱ्यापैकी लागू पडतं. तिथे अमोनिया भरपूर, म्हणून नायट्रोसोमोनास जोरात. पण दुसऱ्या टप्प्यावर तिथेही बहुधा नायट्रोस्पायराच असतो, नायट्रोबॅक्टर नाही.

आता ‘कल्चर ओतलं की झालं’. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट खाणारा नायट्रोस्पायरा आहे, हे १९९८ मध्येच दिसून आलं होतं, आणि अमोनियाचा टप्पा अनेक टाक्यांत आर्किया सांभाळतात. बाटलीवर नायट्रोबॅक्टरचं नाव असेल तर पैसे देण्याआधी थांबा. त्यापेक्षा तशाच पाण्याच्या, निरोगी माशांच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज मागून आणा. त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर ही घाण नाही, तीच तुमची कामकरी मंडळी. तो स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळा.