ग्रॅमला सव्वीस कोटी

वीजबिलावर काय नसतं? ग्राहक क्रमांक असतो, मीटरचा फोटो असतो (आमच्या मीटरचा फोटो नेहमी अमावास्येला काढल्यासारखा येतो), मागील रीडिंग, चालू रीडिंग, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, सोळा टक्के वीज शुल्क, वर गेल्या वर्षभराच्या वापराचे उभे मनोरे. नसतं ते एकच, मालाचं वजन. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. डांबर, खडी, शालेय पोषण आहाराचा तांदूळ, सरकारने जे जे विकत घेतलं त्याची वजनपावती मी मागितली. पावती नाही म्हटलं की हात लाल पेनाकडे जायचा. निवृत्तीनंतर टेबल गेलं, शिपाई गेला, पेन तेवढं राहिलं.

तर मे महिन्याचं बिल आलं. २१० युनिट, बावीसशे रुपये. मी सवयीने म्हणालो, "बावीसशे रुपयांचा माल आला म्हणतात. आला तो किती आला?"

हे नेमकं भाच्यासमोर बोललो. तो भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतोय आणि सुट्टीला आमच्याकडे कराडला आला होता. "मामा, वजन काढता येतं की," म्हणाला, आणि माझ्या लॅपटॉपवर त्याने 'युनिट्स' नावाचा एक फुकटातला प्रोग्रॅम टाकून दिला. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, चित्र नाही, जाहिरात नाही. तो दोनच प्रश्न विचारतो. पहिला 'यू हॅव', दुसरा 'यू वॉन्ट'. तुमच्याकडे काय आहे आणि तुम्हाला काय हवंय. आमचं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानेसुद्धा इतकं सरळ विचारलं नव्हतं.

माझ्याकडे एक किलोवॅट-अवर आहे, म्हणजे आपलं बिलातलं एक युनिट, आणि मला ग्रॅम हवेत, असं टंकलं. उत्तर आलं, 'कन्फॉर्मॅबिलिटी एरर'. इतक्या कमी शब्दांत नकार देणारा अधिकारी मी नोकरीत पाहिला नाही. आमच्याकडे किमान 'आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला असता' एवढं तरी लिहायचे. भाच्याने समजावलं की ऊर्जा आणि वस्तुमान यांचं परस्पर जमत नाही, मध्ये प्रकाशाच्या वेगाचा वर्ग घालावा लागतो. तोच तो, ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर. त्यातही सी लहान लिपीतला हवा. मोठा सी टाकला तर प्रोग्रॅम तो कूलोम, म्हणजे विद्युतभार, समजतो. एका अक्षराच्या उंचीवर एवढं सगळं अवलंबून असलेलं मी याआधी फक्त सातबाऱ्यावरच्या नावांत पाहिलं होतं.

लहान सीच्या वर्गाने भागल्यावर मात्र यंत्राने निमूटपणे आकडा दिला. एक युनिट वीज म्हणजे ४०.०५५४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. माझ्या २१० युनिटांचे झाले ८.४ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम). एक ग्रॅम भरायला २ कोटी ४९ लाख ६५ हजार युनिट लागतात. लगेच दर काढला. बावीसशे रुपयांना ८.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वीस कोटी पंधरा लाख.

सोन्याच्या दराने हबकून जाणारी आपण माणसं, आणि सव्वीस कोटी रुपये ग्रॅमचा माल पंखा लावून छताला फिरवत बसतो.

पण माझं डोकं खरं फिरलं ते 'वहन आकार' या रकान्यावर. वहन म्हणजे वाहून आणणं. हा आकार युनिटमागे एक रुपया धरला, तरी ग्रॅमला अडीच कोटी रुपये हमाली पडते. एवढ्या हमालीत वाळूचे किती ट्रक येतील याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती. शिवाय माल आला म्हणावं तर घरात राहतही नाही. पंखा फिरतो, फ्रीज कुरकुरतो, शेवटी सगळ्याची उष्णता होते आणि खिडकीतून निघून जाते. आवक नोंदवावी तर लगेच जावक. साठा शून्य. असा साठा रजिस्टरवर दिसला असता तर मी सबंध कार्यालयाला खुलासा मागितला असता.

"पण हे खरंच एवढंच असतं, की तुमच्या पुस्तकातलं?" मी भाच्याला विचारलं. त्याने सांगितलेली गोष्ट मला आवडली. १९०५ साली आइनस्टाइन बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होते, म्हणजे आपल्यासारखेच टेबलावरचे. त्या वर्षीच्या जेमतेम तीन पानांच्या त्या लेखात ई इज इक्वल टू हे सुप्रसिद्ध समीकरण त्या रूपात नाहीच. ऊर्जेला त्यांनी एल म्हटलंय. आणि पुढे सरळ लिहिलंय की ऊर्जा एलने बदलली तर वस्तुमान 'एल भागिले नवावर वीस शून्यं' इतकं बदलतं, ऊर्जा अर्गमध्ये आणि वस्तुमान ग्रॅममध्ये मोजून. म्हणजे मूळ कागदावरच एककांचं रूपांतर करून ठेवलंय! मला तर भरून आलं. एवढा मोठा शोध लावून माणूस खाली परिमाण लिहायला विसरला नाही. आमच्या खात्यात 'रक्कम लाखात' एवढं लिहायचं राहिलं म्हणून पंचायत समितीने आठ आण्यांना गाय विकत घेतलेली कागदावर दिसायची.

भाचा मात्र बिघडलेला आहे. म्हणतो, "आम्ही सी एक धरतो, मामा." प्रकाशाचा वेग सेकंदाला २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर, १९८३ सालापासून तोच आकडा पक्का ठरवून टाकलेला, आणि ही मुलं एक धरतात! मग ऊर्जा आणि वस्तुमान एकाच एककात लिहितात, प्रोटॉनचं वस्तुमान विचारलं तर ९३८ एमईव्ही सांगतात, जे खरं तर ऊर्जेचं एकक आहे. मी म्हटलं, अरे, एवढी रक्कम एक धरायची असेल तर वित्त विभागाची पूर्वमान्यता लागते.

यानंतर घरात जे झालं त्याला प्रोग्रॅम जबाबदार नाही, त्याने फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. सकाळी हिने हाक मारली, "अहो, चहा गार झाला." मी काळ्या खिडकीत पाहून सांगितलं की दीडशे मिलिलिटर चहा साठ अंशांनी निवला तर त्याचं वस्तुमान ०.४२ नॅनोग्रॅमने घटतं, वाफेतून पाणी गेलं ते निराळं, ते याच्या अब्जावधी पट. हिने कप उचलला, मोरीत ओतला आणि म्हणाली, "आता पूर्ण घटलं."

सिलिंडरवाला आला. आमच्याकडे तो काटा घेऊन येतो, टाकी टांगून वजन दाखवतो. मी विचारलं, "१४.२ किलो गॅसमधून ऊर्जा म्हणून किती जातं, माहितेय?" त्याने संशयाने काट्याकडे पाहिलं. आजवर गिऱ्हाइकं काट्यावर संशय घ्यायची, आज काट्याबाहेरचं निघालं. मी सांगितलं, सात-साडेसात मायक्रोग्रॅम. बाकीचा सगळा गॅस हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन निघून जातो, वजनासकट. तो म्हणाला, "काका, सील बघून घ्या आणि ओटीपी सांगा."

पुरणपोळीवर मात्र मला जिंकायचं होतं. डॉक्टरांनी कॅलऱ्या मोजायला सांगितल्यापासून ही तव्यापाशीच मोजते. मी हिशेब मांडला. एक पुरणपोळी ३०० किलोकॅलरी धरली, तर १४ नॅनोग्रॅम. दिवसभराचा २००० किलोकॅलरींचा आहार घेतला तरी ९३ नॅनोग्रॅम. (या प्रोग्रॅममध्ये कॅलरी लहान अक्षराने लिहिली तर साधी कॅलरी आणि मोठ्या अक्षराने लिहिली तर किलोकॅलरी होते. म्हणजे लहान अक्षर वापरलं की पोळी हजार पटींनी हलकी. ही सोय आहारतज्ज्ञांना माहीत नसावी.) "तेव्हा दुसरी पोळी घेतली तर १४ नॅनोग्रॅमच वाढणार," मी म्हणालो.

ही म्हणाली, "आणि मग पोटावर दिसतंय ते काय, हिशेबातली तफावत?"

तफावत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट होती खरी. चरबी 'जळते' म्हणजे ती ऊर्जा होऊन जाते असं माझ्यासकट निम्म्या कराडला वाटतं. दहा किलो चरबी जाळून जी ऊर्जा मिळते तिचं वस्तुमान चार मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. मग दहा किलो जातात कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी त्याचा ताळेबंद मांडलाय. दहातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे बारीक व्हायचं ते नाकातून. हे कळल्यापासून मी प्रीतिसंगमावर फिरायला जातो तेव्हा उच्छ्वासाकडे जास्त लक्ष देतो. चालणं तेवढं वाढलेलं नाही.

एवढ्या क्षुल्लक वजनांची चेष्टा करायची नाही, हे मला सेव्रच्या किलोग्रॅमने शिकवलं. पॅरिसजवळच्या सेव्रमध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल काचेच्या हंड्यांखाली ठेवलाय. १८८९ पासून २०१९ पर्यंत साऱ्या जगाचा किलो म्हणजे तो. त्याच्या नकला देशोदेशी दिलेल्या. शंभरेक वर्षांनी सगळे एकत्र आणून ताडून पाहिले, तर मूळ प्रत आणि नकला यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला. मूळ घटली की नकला वाढल्या, ठरवायला तिसरं माप नाही, कारण माप तेच. लेखापरीक्षकाला रात्री घामाने जागं करतील अशी ही स्थिती. शेवटी किलोला प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर नेऊन बसवलं तेव्हा कुठे आक्षेप मिटला. मी ते ५० मायक्रोग्रॅम युनिटात बदलले. जवळजवळ साडेबाराशे युनिट! माझ्या घराची सहा महिन्यांची वीज एका काचेच्या हंड्याखाली इकडची तिकडे झाली आणि जग खुशाल बटाटे तोलत होतं.

मग हात मोकळा सुटला. आमच्या कोयनेचंच घ्या. पावसाळ्यात इथल्या माणसाला 'धरण किती भरलं' एवढंच विचारायचं असतं. १०५ टीएमसीचं धरण, पोफळीकडे कोकणात उतरणारं पाणी, प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. ती सगळी यंत्रं चोवीस तास पूर्ण ताकदीने चालली असं धरलं (चालत नाहीत, पण अंदाजपत्रकात धरायला हरकत नाही), तर दिवसाकाठी वीज निघेल १.८८ ग्रॅम. सराफाच्या जुन्या मापात दोन मासेसुद्धा भरत नाहीत. आणि साऱ्या देशाची वर्षाची वीज साधारण १,७०० अब्ज युनिट म्हटली, तर ६८ किलो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बरोब्बर तेवढे आहेत. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की मला थोडं दडपण येतं.

त्यांच्याच अध्यक्षतेखाली लिफ्टच्या वीजबिलावर बैठक भरली. तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं जुनंच, "मी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, मी पैसे का देऊ?" चौथ्या मजल्यावरच्या सरांचं म्हणणंही जुनंच, "मग गच्चीवरच्या टाकीचं पाणी तुम्ही पिऊ नका." दर वर्षी हे इथवर येतं आणि चहा येतो. यंदा मी चहाआधी उठलो आणि वस्तुनिष्ठ हिशेब ठेवला. सत्तर किलोचा माणूस बारा मीटर वर गेला, की त्याची स्थितिज ऊर्जा वाढते सव्वाआठ हजार जूल. वस्तुमानात ९२ पिकोग्रॅम (पिको म्हणजे नॅनोचा हजारावा भाग). माझ्या दराने एका खेपेचे होतात अडीच पैसे.

सरांनी पाकीट काढलं. "अडीच पैसे? वर्षाचे आगाऊ घ्या."

"आणि मोटारची घरघर, आतला दिवा, पंखा? ते कोणाच्या अंगावर चढतं?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"शिवाय," सर म्हणाले, "संध्याकाळी मी खाली उतरतो तेव्हा ते ९२ पिकोग्रॅम परत करतो. त्याची वजावट मिळाली पाहिजे."

काका म्हणाले, "मी तर कधी घेतलेच नाहीत. मला गेल्या बारा वर्षांची भरपाई द्या."

प्रकरण हाताबाहेर जातंय पाहून मी भाच्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो म्हणाला, "मामा, ते ९२ पिकोग्रॅम एकट्या सरांचे नसतातच. ते सर आणि पृथ्वी, दोघांचे मिळून असतात. एकट्याच्या नावावर टाकता येत नाहीत."

सभेत शांतता पसरली. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "म्हणजे सहधारक आहे," ते म्हणाले. "मग निम्मा खर्च पृथ्वीच्या नावे टाका."

खजिनदार बाईंनी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सारखा केला, नाव लिहिलं आणि पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"फ्लॅट नंबर काय घालू?"