‘वायरिंगला परवाना लागत नाही’ म्हणणाऱ्यांना

ताईचा मुलगा दहावी झाला, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा फॉर्म भरायचं ठरलं होतं. परवा त्याचा फोन आला, “मामा, आयटीआय वाया जातं म्हणे.” मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज पाठवला. त्यात लिहिलंय : आयटीआयचा कागद कुणी विचारत नाही, वायरिंगला परवाना लागत नाही, तीन महिने कुणाच्या हाताखाली काढा, बाकी यूट्यूबवर आहे, महिन्याला लाख कुठे गेले नाहीत. एकोणीस वर्षं मी याच कामावर घर चालवतोय. वाचून डोकं फिरलं.

परवाना लागत नाही? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा नियम उघडून बघा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशी किरकोळ कामं सोडली, तर बाकी काम परवानाधारक ठेकेदारानेच आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं असतं. महावितरणचं नवं कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा कागद लागतो, त्यावर परवानाधारकाचीच सही चालते. ज्याच्याकडे परवाना नाही तो आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली राबतो. घरमालकाशी दर ठरवतो तो सहीवाला, याच्या हातात पडते रोजंदारी.

आणि हा नियम उगाच नाही. गेल्या पावसाळ्यात एका घरी गिझर बदलायला गेलो. बॉक्स उघडला तर अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून आत कोंबलेली. आधीच्या पोराला ती कशाला असते हेच माहीत नव्हतं. गिझर दोन वर्षं मस्त चालू होता, पाणी तापत होतं, म्हणजे मालकाच्या लेखी काम चोख. आतलं कॉइल लीक झालं असतं तर गिझरच्या पत्र्यात करंट उतरला असता आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याचं काय झालं असतं? त्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे. व्हिडिओत दिवा पेटलेला दिसतो, अर्थिंग तपासलेलं दिसत नाही.

कागद कुणी विचारत नाही, हे तर साफ खोटं. महावितरणने 2023 मध्ये विद्युत सहायकांच्या 5347 जागा काढल्या. त्यासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं प्रमाणपत्र मागितलं होतं. पहिल्या वर्षी मानधन 15000 रुपये होतं. कमीच, पण पुढे कायम नोकरीचा रस्ता तिथूनच जातो.

एक मान्य करतो. आयटीआयमधून सर्टिफिकेट घेऊन आलेल्या काही पोरांना पकड धड धरता येत नाही. बऱ्याच ठिकाणी यंत्रं जुनी, प्रॅक्टिकल नावापुरतं. खरा हात साइटवरच बसतो. पण म्हणून आयटीआय सोडायचं नसतं, आयटीआय करून साइटवर जायचं असतं.

राहिला लाखाचा हिशोब. सीझनमध्ये लाखाची बिलं माझीही होतात. त्यातून वायर, स्विच, बोर्डाचा माल, हेल्परची हजेरी, पेट्रोल वजा करा. बिल्डरकडे अडकलेली रक्कम धरूच नका. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात तेव्हा वही कोरी असते. मेसेजवाल्याने बिलालाच कमाई म्हटलंय.

भाच्याला सांगितलंय, सुट्टीत माझ्याबरोबर कामावर ये, व्हिडिओही बघ. फॉर्म मात्र याच आठवड्यात भरायचा, मी बरोबर येतो.