ओवी कशी पिळावी

संतसाहित्याचे अभ्यासक व्हायचंय? घाबरू नका. पूर्वी त्यात जन्म जायचा, आता एका रविवारात उरकतं. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका सरांचं ज्ञानेश्वरीवर निरूपण होतं, तिथे मी ते उरकताना पाहिलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसून, पंखा बंद करून. पंख्याने माइक घुमतो म्हणे. तिथे जे शिकले ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहिते आहे.

तर पहिलं पथ्य. ग्रंथ विकत घेऊ नका. घेतलाच तर हार घालून टेबलावर ठेवा, हळदकुंकू वाहा, पण उघडू नका. उघडला की मागची ओवी दिसते, पुढची दिसते, आणि मागचंपुढचं दिसलं की माणूस कामातून गेला.

दुसरं, शब्द कानाला जसा लागेल तसा घ्यावा. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ यात ‘व्यंकटी’ ऐकू आलं की थेट तिरुपतीची गाडी पकडायची. आम्ही रविवारी पकडली. दुष्टांना व्यंकटेशाची ओढ लागो, असं माउलींनी मागितलंय म्हणे. शेजारच्या काकूंनी हात जोडले. अहो, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा! दुष्ट मरो असं न म्हणता त्याचा वाकडेपणा तेवढा गळून पडो, असं विशीही न गाठलेला एक मुलगा मागतोय, तोही संन्याशाचं पोर म्हणून वाळीत टाकलेला. पण असो. तिरुपतीला टाळ्या चांगल्या पडल्या.

तिसरं: टाळ्या पडतील तिथे वाक्य संपवावं.

चौथं पथ्य सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक ओवीत विज्ञान असतंच, ते काढता आलं पाहिजे. यासाठी एक हुकमी ओवी पाठ करून ठेवा. ‘उदयास्ताचेनि प्रमाणें । जैसें न चलतां सूर्याचें चालणें ।’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. मग आवाज खाली आणून विचारायचं, ‘कोपर्निकसचं पुस्तक कधीचं? १५४३. ज्ञानेश्वरी? १२९०. म्हणजे किती वर्षं आधी?’ हॉलमधून ‘अडीचशे!’ असा गजर होतो. लहान मुलं सगळ्यांत मोठ्याने ओरडतात, कारण शाळेनंतर पहिल्यांदाच वजाबाकी बरोबर आलेली असते.

आता त्या ओवीचे पुढचे दोन चरण कुणी म्हणत नाही. ‘तैसें नैष्कर्म्यत्व जाणें । कर्मींचि असतां ॥’ म्हणजे विषय सूर्याचा नाहीच. विषय गीतेच्या चौथ्या अध्यायातला, कर्मात अकर्म पाहणाऱ्या माणसाचा. तो सगळं करतो आणि तरी ‘मी केलं’ हे त्याला चिकटत नाही. हे समजावायला ज्ञानेश्वर एकामागून एक दाखले देतात. पाण्याकाठी उभा असलेला माणूस आपलं प्रतिबिंब बघतो आणि तो मी नव्हे हे ओळखतो. मग नाव येते. नावेत बसलेल्याला थडीवरची झाडं वेगाने पळताना दिसतात, नीट पाहिलं की कळतं, झाडं जागेवरच आहेत. आणि मग सूर्य. सूर्य न चालता चालतो, हे ते म्हणतात, नाकारतंय कोण? पण नावेचा हाच दाखला आर्यभटाने ४९९मध्ये दिला होता. नावेतल्याला काठ उलटा जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते. सूर्य मध्यभागी आहे हे कोपर्निकसचं म्हणणं, ती गोष्टच वेगळी. उगवणं-मावळणं समजायला पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं पुरतं. मग नेवाशात बसून सांगणाऱ्याच्या ओठी ती नाव आली कुठून? ज्योतिषाच्या परंपरेतून की गोदाकाठच्या रोजच्या पाहण्यातून? केवढा सुंदर प्रश्न आहे! त्यावर दोन तास बोला ना, मी पंख्याशिवाय बसते.

मी हात वर केला. म्हटलं, ‘सर, याच्या आधीच्या ओव्यांत नाव आहे, ती घेऊ या का?’

‘ताई, तुम्ही सायन्स साइड का?’

हशा. मग म्हणाले, ‘शब्दात अडकू नका, भाव बघा. मी बावीस वर्षं यावर चिंतन केलंय. मी सांगतो ते ऐका.’ आणि माइक तबलजीकडे गेला.

‘मी केलं’ सुटण्याविषयीच्या ओवीवर बावीस वर्षं ‘मी’! दाखला द्यायला तेच पुरेसे होते.

पाचवं: श्लोक कमी पडला तर वाढवावा. ‘अहिंसा परमो धर्मः’ महाभारतात आहे. त्याला जोडून ‘धर्महिंसा तथैव च’ फोनवर येतं, महाभारतात सापडत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ माणसं महाभारताची बाराशेच्या वर हस्तलिखितं समोर घेऊन एकेक पाठ ताडत बसली. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही लाडकी गोष्टसुद्धा त्यांनी मूळ संहितेतून काढून तळटिपांत ठेवली. तुम्हाला एवढं बसवत नसेल तर दुसरा मार्गही आहे. ५ जानेवारी २००४ला त्याच संस्थेत जमाव घुसला, कपाटं पाडली, पोथ्या फाडल्या. यात उपरोध करायला मला काही सुचत नाही.

सहावं. कुणी जास्तच विचारलं तर तुकोबा फेकावेत. ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वाहावा भार माथां ॥’ यातले ‘आम्ही’ म्हणजे आपण, हे सांगायची गरज नसते. हमालाच्या डोक्यावरचं धन हमालाचं नसतं, हे पुढे येतं. पुढे जाऊ नये.

आता खरं बोलते. तुम्हाला ज्ञानेश्वर कमी वाटतात. म्हणून त्यांच्या छातीवर कोपर्निकसचं पदक लावावं लागतं, ते जे म्हणतात तेवढं तुम्हाला पुरत नाही. भक्ती म्हणता याला? आळस आहे हा, नुसता आळस, वर केशरी उपरणं घातलेला. एकनाथांनी १५८४मध्ये, मूळ ग्रंथाला तीनशे वर्षं होत आली असताना, पाठ शुद्ध करून ज्ञानेश्वरीची प्रत सिद्ध केली. एकनाथ! स्वतः ओव्या रचणारा माणूस. आणि शेवटी बजावून ठेवलं की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. नरोटी म्हणजे करवंटी. त्यांना आपली एक ओवी घुसवायचा धीर झाला नाही, आणि तुम्ही आख्खा अर्थ घुसवता?

चौथा अध्याय काढा. नव्व्याण्णवावी ओवी, आणि तिच्या आधीच्या तीन. शब्द अडला तर कोश आहे, नाही तर घरातली आजी आहे. चहा गार व्हायच्या आत होतं.

सरांना शाल आणि नारळ दिला. पुढच्या रविवारी हरिपाठ आणि क्वांटम आहे, खुर्च्या लावायला माणसं हवी आहेत असा निरोप आलाय.