सिल्वेस्टर वीव्हरचं नाव घ्या

ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा विषय निघाला की गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन येतो आणि पाठोपाठ चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा. जॉन्सन मलाही प्रिय आहे. पण त्याचं पहिलं रेकॉर्डिंग १९३६चं. त्याच्या तेरा वर्षं आधी, १९२३ साली, केंटकीतल्या लुइव्हिलचा सिल्वेस्टर वीव्हर न्यूयॉर्कला जाऊन ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी गिटार वाजवून आला होता. त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि हे मला मनापासून लागतं.

तेव्हा ब्लूजच्या तबकड्यांवर राज्य होतं गायिकांचं. साथीला पियानो, नाहीतर जाझचा ताफा. वीव्हरने आधी सारा मार्टिन या आपल्याच गावच्या गायिकेला नुसत्या गिटारवर साथ केली. मग काही दिवसांतच 'गिटार ब्लूज' आणि 'गिटार रॅग' एकट्याने वाजवले. गाणं नाही, साथ नाही. मायक्रोफोन अजून स्टुडिओत आलेला नव्हता; आवाज मोठ्या कर्ण्यातून थेट तबकडीवर कोरला जायचा. गिटारसारख्या मवाळ आवाजाच्या वाद्याने कर्ण्यासमोर एकट्याने उभं राहायचं, याला हिंमत लागते. खरखरीतूनही ते घसरते, मींडदार सूर स्पष्ट ऐकू येतात.

१९३६ साली बॉब विल्सच्या वाद्यवृंदाची 'स्टील गिटार रॅग' आली. वाजवणारा लिऑन मकॉलिफ. ती कंट्री संगीतात अजरामर झाली, आणि धून उभी होती वीव्हरच्या 'गिटार रॅग'वर. श्रेय मात्र मकॉलिफच्या नावावर. धुना या हातातून त्या हातात जातात, लोकसंगीत असंच वाढतं, हे मला मान्य आहे. मकॉलिफने वाजवलंयही सुरेख. पण तबकडीवर नाव छापलं की त्यामागे मान येतो, पैसा येतो. तिथे वीव्हरचं नाव हवं होतं. एक कृष्णवर्णीय वादक पाया घालतो आणि इमारतीवर पाटी दुसऱ्याची लागते, हे अमेरिकन संगीतात इतक्यांदा घडलंय की त्याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

१९२७मध्ये त्याने 'गिटार रॅग' पुन्हा रेकॉर्ड केली. त्याच वर्षी लुइव्हिलच्या हेलन ह्यूम्स या कोवळ्या वयाच्या मुलीला रेकॉर्डिंगची संधी मिळाली, तीही त्याच्यामुळे. पुढे ती काउंट बेसीच्या प्रसिद्ध जाझ बँडची गायिका झाली. वीव्हर मात्र त्या वर्षानंतर थांबला. गावी परतला, एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे ड्रायव्हर आणि बटलर म्हणून राहिला. १९६०मध्ये गेला. त्यानंतर तीन-चार वर्षांतच तरुण चाहत्यांनी मिसिसिपी जॉन हर्ट आणि स्किप जेम्स या विस्मरणात गेलेल्या जुन्या ब्लूज कलाकारांना शोधून काढलं, मंचावर बसवलं. वीव्हरची संधी एवढ्याशाने हुकली. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तोही १९९२मध्ये, गावातल्या ब्लूजप्रेमींच्या खटपटीने.

त्याच्या आयुष्यात सैतान नाही, खून नाही, म्हणून कथा सांगणाऱ्यांना त्यात काही सापडत नसावं. मला त्याची नोकरीची वर्षंच जास्त अस्वस्थ करतात. मालकाची गाडी चालवताना रेडिओवर ती धून लागलीच असेल, तर त्याला काय वाटलं असेल?

१९२३ची 'गिटार रॅग', मग १९२७ची, मग १९३६ची 'स्टील गिटार रॅग' अशी ओळीने ऐका. आणि कुणाला ऐकवाल तेव्हा आधी वीव्हरचं नाव सांगा.