पाय नाहीत, एवढंच हाड सांगतं

"इनामगावचे लोक मेलेल्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून त्याला पुरायचे, भूत होऊन फिरू नये म्हणून." इनामगाव या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीबद्दलचा हा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. यावेळी खाली हात जोडलेले इमोजीही आहेत.

या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी कोंबल्यात. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखालची हाडं नाहीत, हे निरीक्षण. ती मुद्दाम तोडली, हा निष्कर्ष. जोर्वे काळातल्या (म्हणजे इथल्या ताम्रपाषाणयुगातल्या) दफनांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं, त्यामुळे तो निष्कर्ष चांगला भक्कम आहे. आणि भुताचं म्हणाल तर तो उत्खनन करणाऱ्यांनी सुचवलेला एक अर्थ आहे. वाईट नाही, पण हाडात तो कुठेही लिहिलेला नाही. त्याच इनामगावात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला साधारण चाळिशीचा एक पुरुष सापडला, त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. मग प्रमुखाचं भूत फिरलेलं चालत होतं का? फॉरवर्ड याबद्दल गप्प.

माझं म्हणणं एवढंच की तुटक्या हाडांचा अभ्यास म्हणजे या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायची शिस्त. आपल्याला मात्र थेट तिसरी हवी असते.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खोदाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं पुरातत्त्वाच्या बाहेरही लोकांना माहीत असतात. हाडांवर काम केलेल्या सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्युकाक्स यांची नावं किती जणांनी ऐकलीत? १९८६ साली त्यांनी तिथल्या सांगाड्यांचा सविस्तर अहवाल काढला. आजही ते काम ओलांडून पुढे जाता येत नाही.

आता 'सांगाडा' म्हटल्यावर डोळ्यांसमोर शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला अखंड सांगाडा येत असेल तर तो आधी बाजूला करा. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तीन हजार वर्षं असं पिळवटून निघाल्यावर हाडाचं काय उरणार? वर चुनखडीची पुटं चढलेली असतात, ती काढताना हाडच निघून येतं. त्यात लहान मूल असेल तर आणखी अवघड. बाळाच्या हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात, त्यामुळे हाडं मोठ्या माणसापेक्षा संख्येनं जास्त आणि आकारानं इवलीशी, काही तर चक्क खड्यांसारखी. डाळ निवडावी तशी ती मातीतून निवडावी लागतात. मग मोजणी. डाव्या मांडीच्या हाडाचे तीन वेगळे वरचे भाग सापडले, तर किमान तीन माणसं. जास्तही असतील, पण तीनाहून कमी नाहीत. हा 'किमान' शब्द बातमीत कधीच टिकत नाही.

इनामगावला दोनशेहून जास्त दफनं मिळाली आणि त्यातली बहुसंख्य लहान मुलांची. घरातच जमिनीखाली खड्डा करून, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. मला विचाराल तर महाराष्ट्राच्या जुन्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा ऐवज आहे, आणि त्यातही दात.

हाड आयुष्यभर बदलत राहतं, झिजतं, भरून येतं. दाताचं वरचं कवच एकदा तयार झालं की पुन्हा दुरुस्त होत नाही. मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं, तर ते कवच बनायचं काम अडखळतं आणि तिथे खळगा किंवा रेघ कायमची राहते. दुधाच्या दातांची सुरुवात तर पोटात असतानाच होते. म्हणजे हिरडीतून बाहेरही न आलेल्या दातावर त्या मुलाच्या आईचे गरोदरपणातले हालही उमटलेले असू शकतात. दाताची घडण किती पुढे गेलीय यावरून मुलाचं वय महिन्यांच्या फरकाने सांगता येतं. त्या वयाला मांडीचं हाड किती लांब, किती जाड हवं होतं आणि किती आहे, हे मग ताडून पाहता येतं. हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या मुलांबाबत हे केलं. वस्तीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, म्हणजे इसवी सनपूर्व १००० नंतरच्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांनी मांडल्या. चौकोनी मोठ्या घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या तो हाच काळ.

यात भूत नाही, राजा नाही, आर्य-अनार्य नाही. म्हणून फॉरवर्डही नाही.

उलट घाई केली की काय होतं ते मोहेंजोदडोनं दाखवलंय. गल्लीत आणि घरांत वेडेवाकडे पडलेले सांगाडे पाहून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनी १९४७ मध्ये कत्तल झाली असं लिहिलं आणि थेट इंद्राला, म्हणजे आर्यांना, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्सनी दाखवलं की ते सांगाडे एका थरातले, एका वेळचे नाहीतच. पुढे हाडांचे अभ्यासक केनेथ केनेडींनी ती हाडं पुन्हा तपासली, तर कत्तलीला आधार देतील अशा जखमा जवळपास नव्हत्याच. व्हीलर काही साधे गृहस्थ नव्हते, खोदाईची शिस्त त्यांनीच आपल्याकडे लावली. तरीही. आणि ती कत्तल अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही.

डीएनए आल्यावर हे सगळं सुटलं असं वाटणाऱ्यांसाठी एकच आकडा. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या २०१९ च्या प्रसिद्ध शोधनिबंधासाठी ६१ नमुने तपासले, कामापुरता डीएनए मिळाला एकाच व्यक्तीचा. आपल्या उष्ण हवेत तो टिकत नाही. त्या एका स्त्रीच्या जिवावर आर्य बाहेरून आले की नाही यावर आपण चॅनेलांवर किती भांडलो!

संयमाचं उदाहरण हवं तर जुन्या गोव्यात जा. जॉर्जियाच्या काखेती प्रांताची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला छळ करून मारली गेली आणि ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले, असं कागदपत्रं सांगतात. त्यांच्या पडक्या चर्चच्या आवारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्याचा आईकडून येणारा डीएनए तपासला. त्या डीएनएचा गट भारतातल्या २२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींत नव्हता, जॉर्जियातल्या मोजक्या नमुन्यांत मात्र सापडला. जागा जुळली, कागद जुळले, डीएनए जुळला. तरी २०१४ च्या निबंधाच्या शीर्षकात संशोधकांनी 'बहुधा' ठेवलं. २०२१ मध्ये त्या अवशेषाचा भाग जॉर्जियाला दिला गेला तेव्हा बातम्यांतला 'बहुधा' गळून पडला, ते वेगळं सांगायला नको.

एक कामाची गोष्ट. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडावरची पांढरी माती शेतात टाकायला नेतात. त्यात कुणाला तोंडाला तोंड लावलेली मडकी दिसली तर ती उचलू नका, आतली माती झटकू नका. गुप्तधन नसतं त्यात. न उगवलेले दात त्याच मातीत असतात आणि ते चाळणीशिवाय दिसत नाहीत. जागेवरच फोटो काढा, तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि कुणी येईपर्यंत त्या कोपऱ्यावर जेसीबी नेऊ नका.